व्हॅन गॉगची रेखाटनयुक्त पत्रे

चित्रकाराने पत्राच्या मजकुरातच शाईने काढलेल्या लहान चित्राला पत्ररेखाटन म्हणता येईल. पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवलेले रेखाचित्र ही स्वतंत्र कलाकृती असते. पत्ररेखाटनाचे प्रयोजन मात्र माहिती देणे हे असते. या प्रकाराचा सर्वांत समृद्ध संग्रह व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–१८९०) याचा आहे. त्याची ८०० हून अधिक पत्रे उपलब्ध असून त्यांतील बहुसंख्य धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेली आहेत.

या रेखाटनांचा उगम व्यवहारात आहे. थिओ दरमहा पैसे पाठवी आणि व्हिन्सेंट आपल्या कामाचा वृत्तांत कळवी. चित्र ओले असे, दूर असे. म्हणून त्याची रचना चार रेषांत पाठवली जाई. १८८२ मध्ये हेगहून लिहिताना त्याने यथादर्शनासाठी करवून घेतलेली चौकट वाळूत रोवून कशी वापरायची, तेही काढून दाखवले. पॅरिसमध्ये दोघे भाऊ एकत्र राहू लागले, तेव्हा साहजिकच हा पत्रव्यवहार जवळजवळ थांबला.

या पत्रांचे खरे मोल ऑक्टोबर १८८८ च्या एका उदाहरणावरून कळते. आर्ल येथील आपल्या शयनगृहाचे चित्र रंगवताना व्हिन्सेंटने त्याचे रेखाटन थिओला आणि लगेच दुसऱ्या दिवशी पॉल गोगँलाही पाठवले. शाई एकरंगी, म्हणून रंग शब्दांत सांगितले: भिंती फिकट जांभळ्या, फरशी लाल, पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या. आज मूळ चित्रातील भिंती निळ्या दिसतात, कारण जांभळ्या छटेतील तांबडे रंगद्रव्य प्रकाशाने विटले. रंगतज्ज्ञांच्या परीक्षणाने पत्रातील वर्णनाला दुजोरा दिला आहे. रंग उडाला, पण त्याची नोंद टिकली. माझ्या मते पत्ररेखाटनाचे याहून मोठे समर्थन नाही. शाईलाही काळाने सोडलेले नाही. अनेक पत्रांतील मूळची काळी अक्षरे आता तपकिरी झाली आहेत.

या पत्रांच्या जतनाचे श्रेय प्रामुख्याने थिओची पत्नी योहाना हिचे आहे. १८९१ मध्ये थिओ गेल्यावर तिने ती सांभाळली, लावली आणि १९१४ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केली. बहुतेक मूळ पत्रे अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहेत. संपूर्ण पत्रव्यवहार इंग्रजी अनुवादासह इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. जिज्ञासूंनी शयनगृहाचे पत्र आणि चित्र शेजारी ठेवून अवश्य पाहावे.