कसेल त्याचा स्पायडरमॅन

वादातल्या जमिनीचे जुने फेरफार काढून बसावं, तसा स्पायडरमॅनच्या सिनेहक्कांचा इतिहास वाचावा लागतो. दर दोन पानांनी मालक बदललेला, आणि ज्याच्या नावे जमीन त्याच्या हातात नांगर असेलच याची खात्री नाही.

१९६२च्या ऑगस्टमध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी हा पोरगा कागदावर आणला. १९८५ साली मार्व्हलने त्याचे सिनेमाचे हक्क कॅनन फिल्म्सला २ लाख २५ हजार डॉलरला दिले. कॅनन बुडाली. हक्क तिचे एक प्रमुख मेनाहेम गोलान यांच्या दुसऱ्या कंपनीकडे गेले, तिथून कॅरॉल्कोकडे. जेम्स कॅमेरॉन यांनी कथेचा मोठा आराखडा लिहिला, तेवढ्यात कॅरॉल्कोही बुडाली. टीव्हीचे हक्क एकाकडे, व्हिडिओचे दुसऱ्याकडे, कोर्टात दावे भलत्यांचेच. १९९६ संपता संपता खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. अखेर १९९९मध्ये सोनी आणि एमजीएम यांच्यात तडजोड झाली. सोनीने जेम्स बाँडवरचा दावा सोडला, एमजीएमने स्पायडरमॅनवरचा. चौदा वर्षं हे रान पडीक राहिलं होतं.

पत्रकार बेन फ्रिट्झ यांच्या पुस्तकात याच काळातला एक प्रसंग आहे. कर्जात रुतलेल्या मार्व्हलने आपली बहुतेक सगळी पात्रं अडीच कोटी डॉलरला सोनीपुढे ठेवली होती. सोनीने फक्त स्पायडरमॅन उचलला, बाकीची कोणाला हवीत म्हणून परत पाठवली. त्या बाकीच्यांत आयर्नमॅन होता, थॉर होता. सोनीला नावं ठेवणारे हा किस्सा हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. नको असलेली पात्रं घेऊन सोनीने त्यांचं काय केलं असतं, ते पुढे दिसलंच.

सोनीचं पहिलं पीक मात्र सोन्यासारखं आलं. २००२च्या ‘स्पायडरमॅन’ने अमेरिकेत पहिल्याच आठवडाअखेरीस ११ कोटी ४८ लाख डॉलरचा गल्ला जमवला, तीन दिवसांत दहा कोटींचा टप्पा तोवर कोणत्याच चित्रपटाने ओलांडला नव्हता. पण मला आठवतो तो आकडा नाही, २००४च्या दुसऱ्या भागातला आगगाडीचा प्रसंग आठवतो. स्पायडरमॅन झालेला पीटर गाडी थांबवतो, बेशुद्ध होऊन पडतो, प्रवासी त्याला हातांवर झेलून डोक्यांवरून आत नेतात आणि खाली निजवतात. मुखवटा निघालेला असतो. त्या चेहऱ्याकडे बघून ते कुजबुजतात, की हा तर पोरसवदा आहे. दिग्दर्शक सॅम रायमी लहानपणापासून ही कॉमिक्स वाचत आलेले होते. हा प्रसंग त्या वाचनातूनच आल्यासारखा वाटतो.

मग बिघडलं कुठे? करारात. सोनीच्या चोरीला गेलेल्या कागदपत्रांतून पुढे कळलं, की आधीचा चित्रपट आल्यापासून पावणेचार वर्षांत नव्याचं चित्रीकरण सुरू व्हायला हवं आणि पावणेसहा वर्षांत तो पडद्यावर यायला हवा, नाहीतर हक्क मार्व्हलकडे परत. रान पडीक ठेवलंत तर जाईल, हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. कसेल त्याची जमीन हे तर आपल्याच हाडात भिनलेलं. पण जमीन हातची जाऊ नये म्हणून ढेकळांवर बी फेकणं म्हणजे कसणं नव्हे. याच भीतीपोटी दुसऱ्या एका निर्मात्याने नव्वदच्या दशकात ‘फँटास्टिक फोर’ जेमतेम पैशांत उरकला होता. तो चित्रपटगृहांत कधी लागलाच नाही.

रायमींचा चौथा भाग २०१०च्या जानेवारीत बारगळला. ठरलेली तारीख गाठायची तर पटकथा मनासारखी होणार नव्हती आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. सोनीने लगेच नवा नट, नवा दिग्दर्शक घेऊन गोष्ट मुळापासून पुन्हा सुरू केली. तो चित्रपट जुलै २०१२मध्ये आला, तिसऱ्या भागानंतर पाच वर्षं दोन महिन्यांनी. मुदतीच्या आत. त्यात आपला इरफान खान डॉ. राथा म्हणून येतो आणि काहीच हाती न लागता निघून जातो. एवढा नट, आणि त्याला करायला काही नाही, हे मला अजून खुपतं.

२०१४चा पुढचा भाग अपेक्षेपेक्षा कमी चालला आणि २०१५च्या फेब्रुवारीत तोडगा निघाला. पैसा आणि वितरण सोनीचं, गोष्टीची सूत्रं मार्व्हलच्या केव्हिन फायगी यांच्याकडे. थोडक्यात, वाट्याने दिलेली शेती. २०१९च्या ऑगस्टमध्ये वाट्याच्या टक्क्यांवरून ती मोडलीही, पुढच्या महिन्यात पुन्हा जुळली. २०२१च्या ‘नो वे होम’ने जगभरात सुमारे १९० कोटी डॉलर मिळवले. तेव्हा मीही मित्रांना हटकून सांगत असे, की सोनीने आता सगळंच मार्व्हलला देऊन टाकावं. सोनीचे ‘मॉर्बियस’, ‘मॅडम वेब’, ‘क्रेव्हन’ पाहून तर वाटायचं, या पात्रांचे हक्क हाताशी आहेत यापलीकडे ही गोष्ट सांगायचं कारण यांच्याकडे आहे तरी काय?

माझं हे मत ज्या चित्रपटापुढे टिकलं नाही, तो त्याआधीच, २०१८ साली येऊन गेला होता. मी तो उशिरा पाहिला. ‘इंटू द स्पायडर-व्हर्स’ सोनीचाच, मार्व्हल स्टुडिओच्या हाताखाली न बनलेला. त्यातला नवा स्पायडरमॅन माइल्स उंच इमारतीच्या काचेला चिकटून उभा आहे, उडी मारायची आहे, पण भीतीने बोटं सुटत नाहीत. तो तसाच झेपावतो आणि बोटांसोबत काच फुटून निघते. मग चित्र उलटं होतं आणि खाली पडणारा माइल्स वर चढताना दिसतो. सगळी सूत्रं एकाच हाती असती, तर दर चित्रपटाला पुढच्या चित्रपटाशी सांधण्याच्या घाईत ही झेप कोणी घेऊ दिली असती, असं मला वाटत नाही. म्हणून आता मला वाट्याचीच शेती बरी वाटते. एकाने हात आखडला, तर दुसऱ्याचा चालू राहतो.

या भांडणात डिटको कुठेच नव्हते. २०१८ साली ते न्यूयॉर्कमध्ये वारले. हक्क परत मिळवण्यासाठी त्यांच्या वारसांनी केलेला दावा २०२३च्या डिसेंबरात तडजोडीने मिटला.

त्याच वर्षी ‘स्पायडर-व्हर्स’चा पुढचा भाग भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. आम्ही तो मराठीतूनच पाहिला. त्यातल्या भारतीय स्पायडरमॅनची, पवित्र प्रभाकरची मुंबटन नगरी पडद्यावर उलगडली, तेव्हा शेजारी बसलेली भाची गर्दीतले बारकावे शोधत होती आणि मी रंगांकडे बघत होतो. ही नगरी रंगवताना चित्रकारांनी आपल्याकडच्या सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सचा नमुना समोर ठेवला होता. मराठीत वेताळ वाचायला मिळायचा, ते इंद्रजाल. जरा सरकून छापलेला तोच रंग, रेघेबाहेर किंचित सांडलेला.