‘राज्य येवो’ : प्रभूच्या प्रार्थनेतील दोन मागण्या आणि मराठी भाषेचा संस्कार

मराठी ख्रिस्ती वाङ्मय शिकविताना एक अडचण वारंवार येते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी ना. वा. टिळकांची कविता किंवा लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आस्थेने वाचतो; परंतु ज्या प्रार्थनेवर या लेखकांचे धार्मिक जीवन उभे होते, ती प्रार्थना त्याला एक तर परकी वाटते किंवा नको तितकी ओळखीची वाटते. येशूने शिष्यांना शिकविलेली ही ‘प्रभूची प्रार्थना’ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात आली आहे. तिच्यातील दुसरी मागणी देवाच्या राज्याविषयी आहे आणि तिसरी देवाच्या इच्छेविषयी. या दोन मागण्यांवर प्रश्न विचारला की उत्तरपत्रिकांतून साधारणपणे एकच आशय येतो : ख्रिस्ती भक्त परलोकीच्या राज्याची आस धरतो आणि इहलोकी देवाच्या इच्छेपुढे मान तुकवितो. विधान नेटके आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. मात्र ही चूक विद्यार्थ्याच्या अनवधानाची नाही. ‘राज्य’ आणि ‘इच्छा’ या दोन शब्दांवर मराठीत जे संस्कार झाले आहेत, त्यांतून ती निघते. म्हणून तिचा विचार भाषेच्या अंगानेच करावा लागतो.

आधी ‘इच्छा’ घेऊ. आमच्या बीड जिल्ह्यात हा शब्द देवाच्या संबंधात बहुधा दुःखाच्या प्रसंगी ऐकू येतो. विहीर आटली, बैल गेला, घरातला कर्ता माणूस दगावला, की ओसरीवर बसलेले वडीलधारे म्हणतात, ‘देवाची इच्छा.’ कोणी ‘मर्जी’ म्हणतात, कोणी ‘त्याच्या मनात होतं’ असे म्हणतात, अर्थ एकच. हा उद्गार सांत्वनाचा आहे आणि त्याची किंमत कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्याची रचना पाहावी. तो नेहमी घडून गेलेल्या गोष्टीविषयी असतो. जे झाले त्यावर देवाच्या इच्छेची मोहोर उमटविली जाते आणि प्रश्न मिटतो. तुकारामांच्या एका सर्वपरिचित अभंगातील समाधानाची शिकवणही लोकव्यवहारात याच अर्थाने वापरली जाते. खुद्द तुकारामांच्या गाथेत देवाशी केलेले भांडण किती आहे, याचा त्या वेळी विसर पडतो.

प्रभूच्या प्रार्थनेतील क्रियापद मात्र ‘झाली’ असे नाही, ‘होवो’ असे आहे. पहिल्या तीनही मागण्यांतील क्रियापदे तृतीयपुरुषी आज्ञार्थाची आहेत : जावो, येवो, होवो. मराठीत आज्ञार्थाचा हा उपयोग आशीर्वाद, शुभेच्छा आणि प्रार्थना यांसाठी रूढ आहे, आणि त्याचा एक अटळ ध्वनी असा की, ज्याची इच्छा केली जाते ते अद्याप झालेले नाही. ‘पाऊस पडो’ असे पाऊस पडत असताना कोणी म्हणत नाही. देवाची इच्छा ‘होवो’ अशी मागणी करणारा माणूस आपल्या मागणीतच कबूल करतो की, पृथ्वीवर आज जे चालले आहे ते सर्वच देवाच्या इच्छेप्रमाणे चाललेले नाही. ओसरीवरचे वाक्य आणि प्रार्थनेतले वाक्य यांत शब्द तेच असले, तरी त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत.

येथे मराठी भाषा मूळ ग्रीकला विलक्षण जवळ आहे, हेही नमूद करावयास हवे. ग्रीकमध्ये तृतीयपुरुषी आज्ञार्थाची स्वतंत्र रूपे आहेत आणि या मागण्या त्याच रूपांत आहेत. इंग्रजीला तशी रूपे नसल्याने तिला जुन्या संकेतार्थी रचनेचा आधार घ्यावा लागला. १८०५ साली सेरामपूरला विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले आणि १८११ साली नवा करार पूर्ण झाला. तेव्हापासूनच्या भाषांतरकारांच्या भाषेवर आपण अनेकदा कृत्रिमतेचा ठपका ठेवतो, आणि तो पुष्कळदा रास्तही असतो. या ठिकाणी मात्र मराठीच्या पदरात जे आयतेच होते, त्याने मूळ अर्थ इंग्रजीहून अधिक नेमका पकडता येतो.

संहितेचा पुरावाही याच बाजूचा आहे. लूकच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत इच्छेची मागणी नाही. राज्याची मागणी झाली की लगेच भाकरीची मागणी येते. म्हणजे मत्तयातील तिसरी मागणी ही दुसरीचेच विवरण आहे, असे अभ्यासकांप्रमाणे मानता येते. राज्य येणे म्हणजे काय, तर स्वर्गात जशी देवाची इच्छा निर्वेधपणे चालते तशी ती पृथ्वीवर चालणे. यहुदी परंपरेतील ‘कद्दिश’ या अरामी प्रार्थनेतही देवाचे नाव, त्याची इच्छा आणि त्याचे राज्य यांची अशीच जवळीक आहे, आणि ते राज्य प्रार्थना करणाऱ्यांच्या हयातीत यावे अशी मागणी आहे. (ही प्रार्थना मराठी मातीला अगदीच अपरिचित नाही, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनामंदिरांत ती पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली आहे.)

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, येशूने स्वतः देवाच्या इच्छेची प्रार्थना केली. मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायातील त्या प्रार्थनेचे ग्रीक शब्द प्रभूच्या प्रार्थनेतील शब्दांशी तंतोतंत जुळतात. ती शरणागती नव्हे काय? शरणागती आहेच. परंतु ती प्रसंग घडण्यापूर्वीची आहे, आपल्याला हे नको असे आधी उघड सांगून केलेली आहे, आणि तीन वेळा उठून पुन्हा केलेली आहे. घडून गेलेल्या अन्यायाला देवाची इच्छा म्हणण्याचा परवाना तिच्यातून मिळत नाही. येथे ख्रिस्ती भक्त स्वतःला त्या इच्छेच्या स्वाधीन करतो. परिस्थितीच्या स्वाधीन करीत नाही.

आता ‘राज्य’. मत्तय बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ म्हणतो, तर मार्क आणि लूक ‘देवाचे राज्य’ म्हणतात. देवाच्या नावाचा उच्चार आदराने टाळण्याची यहुदी रीत मत्तयाच्या शब्दयोजनेमागे असावी, हे स्पष्टीकरण सर्वमान्यतेच्या जवळ पोहोचलेले आहे. म्हणजे ‘स्वर्ग’ हा तेथे देवाचा पर्याय आहे. मराठी वाचकाच्या मनात मात्र ‘स्वर्ग’ म्हणताच इंद्राची नगरी येते, पुण्य सरेपर्यंतचा भोग येतो, आणि ‘स्वर्गवासी’ हा शब्द तर थेट मृत्यूशी बांधलेला आहे. फादर स्टीफन्सने १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त ‘वैकुंठ’ हा शब्द सढळपणे वापरला, त्यामागे श्रोत्यांच्या ओळखीच्या शब्दांत बोलण्याचीच धडपड होती. पण वैकुंठालाही जायचे ते मेल्यावरच. याउलट पंडिता रमाबाईंनी आपल्या भाषांतरात (ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले) हिंदू उपासनेचे संस्कार असलेले संस्कृत शब्द शक्य तितके दूर ठेवले. मराठी ख्रिस्ती गद्यातील हा पेच चार शतके टिकून आहे आणि तो सुटला आहे असे वाटत नाही.

परंतु ‘राज्य येवो’ एवढेच शब्द घेतले, तर मराठीत त्यांचा एक अगदी वेगळा आणि जिवंत संदर्भ आहे. दिवाळीत ओवाळताना आयाबहिणी म्हणतात : इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो. क्रियापद तेच, काळ तोच, आणि रोख पूर्णपणे पृथ्वीकडे. बळीचे राज्य परलोकात नाही. ते शेतात, गोठ्यात, कणगीत यायचे आहे. भाषांतरकारांनी हा आशीर्वाद ऐकून शब्द निवडले असे म्हणण्यास आधार नाही. पण ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही वाक्ये शेजारी बसतात, ही वस्तुस्थिती आहे. महात्मा फुले यांनी ती सर्वांत आधी ओळखली. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) या आशीर्वादाचा अर्थ लावला, आणि येशूकडेही बळीच्या परंपरेतील, दीनांच्या कैवाऱ्याच्या दृष्टीने पाहिले. त्याआधी सहा वर्षे मिशनऱ्यांचे कडवे प्रतिपक्षी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सगळी प्रजा हे एक कुटुंब आणि राजा त्याचा कुटुंबप्रमुख, जमीन व धान्य सामाईक, अशी कल्पना मांडली होती. ज्यांचे एकमेकांशी मुळीच जमत नव्हते, ते सगळेच त्या काळी ‘राज्य’ या शब्दाला न्यायाच्या समाजाचा अर्थ देत होते, हे लक्षणीय आहे.

साम्य दाखविताना भेद पुसू नये. बळीचे राज्य एकदा होते आणि गेले. त्याच्या परतण्याची इच्छा आहे. देवाचे राज्य हे हरवलेल्या सुवर्णयुगाचे पुनरागमन नाही. शिवाय बळीच्या आशीर्वादात संबोधन नाही. ‘येवो’ म्हणताना आपण कोणाशी बोलतो आहोत हे तेथे सांगितलेले नसते. प्रार्थनेत ‘तुझे’ हा शब्द आहे, आणि मराठीत हा ‘तू’ फार बोलका आहे. ग्रीकमध्ये आदरार्थी अनेकवचनाचा प्रश्नच नव्हता, म्हणून मूळ एकवचनातून विशेष काही निष्पन्न होत नाही. मराठीत मात्र राजाला, तहसीलदाराला, मुकादमाला कोणी ‘तू’ म्हणत नाही. ‘तू’ म्हणतात ते आईला आणि विठ्ठलाला. ज्याचे राज्य मागायचे त्याला आरंभी पिता म्हणायचे आणि मग एकेरीत बोलायचे, यात राजसत्तेच्या कल्पनेलाच जो धक्का आहे तो मराठी अनुवादात मुळाहूनही ठळक उमटतो. टिळकांच्या ‘अभंगांजली’तील ख्रिस्त माउलीच्या रूपात येतो, त्याचे एक कारण या व्याकरणात शोधता येईल.

चौथ्या मागणीपासून आज्ञार्थ द्वितीयपुरुषी होतो : दे, सोड. येथे मागणी जमिनीवर उतरते. मराठी बायबलात भाकर आहे आणि, मत्तयाच्या मूळ शब्दाला धरून, ऋण आहे. या दोन शब्दांचे विवरण बीडमधल्या वर्गात निराळे करावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. बळीचे राज्य येवो असे म्हणून ओवाळणे आणि बिऱ्हाड बांधून निघणे या दोन गोष्टी अनेक घरांत काही दिवसांच्याच अंतराने होतात. ‘ऋण’ हा शब्द केवळ पापाचे रूपक म्हणून समजावून सांगणारा प्राध्यापक येथे विद्यार्थ्यांपेक्षा कमी जाणतो. अर्थात पापक्षमेचा अर्थ खोटा ठरत नाही. लूकने त्याच ठिकाणी पाप हाच शब्द योजला आहे. पण राज्याची आणि इच्छेची मागणी भाकरीच्या व ऋणाच्या मागणीला लागूनच यावी, हा क्रम अर्थपूर्ण आहे.

या भागात ‘राज्य’ या शब्दाला आणखी एक थर आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पलीकडचे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) इंग्रजी अमलात असून तेथे १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि १८४२ साली तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघाले. मराठवाड्यात, जालन्याजवळ, १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ हे ख्रिस्ती खेडे वसविले; त्यासाठीची जमीन निजामाच्या सरकारकडून मिळालेली होती. एका राजाने दिलेल्या जमिनीवर उभे राहून दुसऱ्या राज्याच्या आगमनाची रोज मागणी करायची, आणि मागणाऱ्यांतील पुष्कळांना गावकुसाच्या आत कधी जागा मिळालेली नव्हती! त्यांनी ‘राज्य’ या शब्दाचा अर्थ केवळ मरणोत्तर घेतला असेल, असे मानणे कठीण आहे.

टिळकांच्या चरित्रात हा सर्व विचार कृतीला येऊन भिडतो. १८९३ च्या सुमारास रेल्वेच्या प्रवासात हाती आलेल्या नव्या करारात त्यांना जखडून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे ज्या तीन अध्यायांच्या मध्यभागी ही प्रार्थना आहे त्यांनी. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे वीस-बावीस वर्षे मिशनच्या चौकटीत काम केले. १९१७ साली ते वेतन व ती चौकट सोडून ते साताऱ्यास राहिले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे प्रवेश होता. शब्द पाहावा : मंडळी नव्हे, समाज नव्हे, सभा नव्हे, दरबार. फार्सी राजव्यवहारातला हा शब्द, देशभर ‘स्वराज्य’ गाजत असतानाच्या वर्षात, त्यांनी देवाच्या राज्यासाठी उचलला, आणि त्या दरबारात मानकऱ्यांची रांग ठेवली नाही. समीक्षकांनी दरबाराचा विचार बहुधा टिळकांच्या संन्यस्त वृत्तीचा किंवा मिशनविषयीच्या नाराजीचा भाग म्हणून केला आहे. तो भाग आहेच. परंतु प्रार्थनेतील दुसरी मागणी शब्दशः घेणारा कवी म्हणूनही येथे टिळकांकडे पाहावे लागेल. ९ मे १९१९ रोजी ते वारले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी नेटाने पूर्ण केले. डोंगरावरील प्रवचनाचा आणि या प्रार्थनेचा संस्कार दोघांच्या रचनेत कसा वेगवेगळा उमटला आहे, हे पदव्युत्तर प्रबंधिकेसाठी स्वतंत्रपणे घेण्याजोगे काम आहे.