सुईच्या आधीच सुटलेल्या पेशी

‘गाठीला सुई लावू नका, ती चिडेल आणि रोग अंगभर पसरेल,’ हा सल्ला आपल्या मराठी घरांतून, मग ते घर इंदूरचे असो वा बेळगावचे, आजही आपुलकीनेच दिला जातो. स्तनातील गाठ पदराआड महिनोन्‌महिने लपून राहते, ती पुष्कळदा या सल्ल्यापायी. म्हणूनच हा रोग पसरतो कसा, हे थोडे सविस्तर सांगावे असे आम्हांस वाटते.

इ. स. १८६९ मध्ये मेलबर्न येथील डॉक्टर थॉमस ॲशवर्थ यांना कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात, गाठीत असतात तशाच पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. गाठ आपल्या पेशी आपणच रक्तात सोडते. त्यासाठी कोणाच्या सुईची तिला गरज नसते. पुढे १८८९ मध्ये लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी पडताळल्या आणि एखाद्या शेतकऱ्याला सहज पटावा असा सिद्धान्त मांडला : बी चहूकडे उडते, परंतु मानवेल त्याच भूमीत रुजते. हाडे आणि यकृत ही त्या बियांची आवडती भूमी.

या पेशी शोधणे मात्र महाकठीण. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच चारशे-पाचशे कोटी. त्यांत कर्करोगाची असली तर एखादी! स्तनाच्या पेशींवर एक प्रथिन असते, जे रक्तपेशींवर नसते. लोहाचे अतिसूक्ष्म कण त्या प्रथिनाला चिकटवून चुंबकाने त्या पेशी ओढून घ्यावयाच्या, ही युक्ती. अशा चाचणीला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. रोग दूरवर पसरलेल्या स्त्रियांत साडेसात मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दीड चमचा रक्तात पाच वा अधिक पेशी आढळल्या, तर आयुर्मर्यादा कमी असल्याचे त्याच वर्षी दिसून आले.

अस्थिमज्जा कमरेच्या हाडात सुई घालून काढतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४,७०३ स्त्रियांच्या एकत्रित अभ्यासात, रोग दूरवर पसरल्याची अन्य खूण नसतानाही सुमारे तीस टक्के जणींच्या मज्जेत अशा पेशी सापडल्या. त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण अधिक होते खरे; परंतु सर्वांचाच उलटला नाही. कित्येक पेशी मरून जातात, काही वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात.

मग सर्वांची ही तपासणी का करीत नाहीत? कारण भाकीत हाती आले तरी उपाय आपोआप येत नाही. पसरलेल्या रोगात पहिल्या केमोथेरपीनंतरही पेशींची संख्या न घटलेल्या रुग्णांची औषधे लगोलग बदलून पाहिली; २०१४ च्या निष्कर्षानुसार त्यांचे आयुष्य त्यायोगे वाढले नाही.

रक्तात पेशी न सापडणे म्हणजे गाठ निर्दोष, असेही नाही. गाठीचा निवाडा करावयाचा तर मॅमोग्राफी वा सोनोग्राफी, आणि शंका राहिल्यास तीच बदनाम सुई, म्हणजे बायोप्सी. तिच्या छिद्राहून कितीतरी रुंद वाट रोगाला आपल्या दिरंगाईत सापडते.