औषधाच्या बाटलीवरचा रंग

जळगाव-धुळ्याकडे कपाशी छातीला लागली की फवारणीचे पंप बाहेर निघतात. त्या दिवसांत शेतसुद्धा कारखान्याइतकेच जोखमीचे कामाचे ठिकाण असते.

कीटकनाशकाच्या लेबलवर टोकावर उभा चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागातला रंग विषाची तीव्रता दाखवतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. ही वर्गवारी कीटकनाशक नियम, १९७१ नुसार होते. प्रयोगातले निम्मे प्राणी दगावण्यास वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी विष पोटात जाणे पुरत असेल, तर ते औषध लाल गटात. ५,००० हून अधिक लागत असेल तर हिरव्या.

रंग विषाचा स्वभाव सांगतो, माणसाची जोखीम मात्र संपर्कावर ठरते. निळ्या गटातले औषध उघड्या हाताने ढवळले, गळक्या पंपाने पाठ भिजली आणि वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारले, तर तेही घात करते. शिवाय आग आणि स्फोटाबद्दल हा रंग काहीच बोलत नाही. शिरपूरजवळ वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रसायन कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक जीव गेले. म्हणून कारखान्यातल्या पिंपांवर ज्वालाग्राही, स्फोटक, दाहक अशा धोक्यांची वेगवेगळी चिन्हे हवीत. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत अशी नऊ आहेत.

मजुराला पंप देण्याआधी लेबल वाचून दाखवा, हातमोजे द्या. विषबाधा झालीच, तर दवाखान्यात बाटली सोबत न्या. उताऱ्याची माहिती डॉक्टरांना तिच्यावर किंवा सोबतच्या पत्रकात मिळते.