डाउनलोडला वेग देणारी स्क्रिप्ट

उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर नवे सॉफ्टवेअर घेताना ‘ॲप्ट-गेट’ हा प्रोग्राम एका सर्व्हरशी साधारणपणे एकच जोडणी ठेवतो. सर्व्हर दूरचा किंवा मंद असेल, तर घरचे इंटरनेट कितीही वेगवान असो, त्याचा उपयोग होत नाही.

मॅट पार्नेल यांची ‘ॲप्ट-फास्ट’ ही शेल स्क्रिप्ट नेमकी इथे कामी येते. ‘प्रिंट-यूआरआयज’ हा पर्याय वापरून ती ॲप्ट-गेटकडून फक्त फाइलींचे पत्ते घेते आणि ते ‘एरिया-टू’ या डाउनलोडरकडे सोपवते. मग एकाच फाइलचे तुकडे अनेक जोडण्यांतून एकाच वेळी उतरतात. बसवण्याचे काम मात्र ॲप्ट-गेटच करतो.

वेगाबरोबरच ही स्क्रिप्ट पडताळणीचीही सोय देते. पत्त्यांच्या त्याच यादीत प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे तपासण्याचा सांकेतिक आकडा, हेही असते. स्क्रिप्टने हा चेकसम डाउनलोडरला दिला, की बिघडलेली फाइल उतरल्याबरोबर पकडली जाते. आणखी एक सोय म्हणजे सेटिंग फाइलमध्ये अनेक मिरर सर्व्हर, म्हणजे त्याच फाइलींच्या प्रती ठेवणारे सर्व्हर, लिहिता येतात. त्यामुळे भार विभागतो.

जोडण्यांची संख्या मात्र बेताचीच ठेवावी. अनेक मिरर विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था विनामूल्य चालवतात, आणि त्यांवर इतरांचाही तितकाच हक्क आहे.