खेळामागचा खेळ (लेखांक ९) : आड, पोहरा आणि कोच

चेपॉकवर ११ एप्रिल २०२५च्या रात्री चेन्नई सुपर किंग्जची वीस षटकं संपली तेव्हा फलकावर ९ बाद १०३ एवढंच होतं. कोलकाता नाइट रायडर्सनी ते लक्ष्य १०.१ षटकांत, दोन गडी गमावून गाठलं. चेन्नईच्या डगआउटमध्ये पाच विजेतेपदं मिळवलेले स्टीफन फ्लेमिंग होते आणि समोर आपले चंद्रकांत पंडित. पंडितांचा हात एकदा या मैदानावरच आयपीएलच्या करंडकाला लागलेला. २६ मे २०२४च्या अंतिम सामन्यात कोलकात्याने इथेच हैदराबादला ११३ धावांत गुंडाळलं होतं. त्या यशाचं श्रेय मात्र पंडितांपेक्षा मेंटॉर गौतम गंभीरच्या पदरात जास्त पडलं.

पुढे २०२५चा हंगाम संपला तेव्हा कोलकाता आठवा होता, चेन्नई दहावा, म्हणजे शेवटचा. जुलैत पंडित आणि कोलकाता वेगळे झाले. फ्लेमिंग आपल्या जागेवर राहिले. आठव्याचा कोच जातो आणि दहाव्याचा राहतो! मग संघमालक कोचची किंमत करतात ती कशावरून?

गेल्या आठवड्यात आपण लिलावाचं गणित पाहिलं. आज त्या टेबलाशी पॅडल हातात घेऊन बसणाऱ्या माणसाकडे वळू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. क्रिकेटचा कोच फुटबॉलच्या कोचइतका सत्ताधारी नसतो. गोलंदाज बदलणं, क्षेत्ररक्षण लावणं हे कर्णधाराचं काम. आयपीएलच्या एका डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट असतात. कोच मैदानात येऊन बोलू शकतो तो तेवढ्यात. अख्ख्या सामन्याची मिळून ही दहा मिनिटं होतात. त्यामुळे चेन्नईचं नाव निघालं की कुणीही म्हणणार, ते सगळं धोनीचं आहे हो, फ्लेमिंग काय, बाजूला बसून टाळ्या वाजवतात.

हे तपासायचं कसं? धोनी, फ्लेमिंग, खेळाडू, चेपॉकची खेळपट्टी हे सगळं एकाच भांड्यात शिजलेलं. वेगळं काढणार कसं? पण २०१६ साली हे भांडं आपोआप फुटलं. चेन्नईवर दोन वर्षांची बंदी आली आणि संघ विखुरला. कोच फ्लेमिंग आणि कर्णधार धोनी आपल्या पुण्यात आले, रायझिंग पुणे सुपरजायंट्समध्ये. त्यांच्याबरोबर अश्विन आणि ड्यू प्लेसी. रैना, जडेजा, ब्राव्हो आणि मॅकलम गेले गुजरात लायन्सकडे. प्रयोगशाळेत ठरवून केली असती तरी इतकी नीट वाटणी जमली नसती.

त्या वर्षी गुजरात साखळीत पहिला आला. पुणे आठ संघांत सातवं, चौदा सामन्यांत पाच विजय. आता इथेच थांबलात तर निकाल सोपा आहे: खेळाडू हेच सर्वस्व, कोच आणि कर्णधार नावापुरते. पण मग २०१७ आलं. फ्लेमिंग तेच, धोनी संघात पण कर्णधारपद स्टीव्ह स्मिथकडे. पुणे अंतिम सामन्यापर्यंत पोचलं आणि हैदराबादला मुंबईकडून एका धावेने हरलं. ती एक धाव अजून घशात अडकलेली पुणेकर मंडळी मला भेटत असतात. आणि गुजरात? सातव्या क्रमांकावर. बारा महिन्यांत उत्तर उलटंपालटं.

यात नुसता योगायोग नव्हता. २०१६मध्ये पीटरसन, ड्यू प्लेसी, स्मिथ, मिचेल मार्श असे एकामागून एक परदेशी खेळाडू जायबंदी झाले, आणि महाराष्ट्रातल्या दुष्काळामुळे पुण्याजवळच्या गहुंज्याचे उरलेले सामने विशाखापट्टणमला हलवावे लागले. २०१७मध्ये साडेचौदा कोटींचा बेन स्टोक्स आला, उनाडकटने चोवीस बळी घेतले. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण कोच मंडळींनी खोलीत लावून ठेवावी अशी आहे. मात्र आड भरलेला असूनही पोहरा फुटका निघाला, असंही होतं. तो भाग मोजायचा आहे.

मोजण्याचा एक गमतीदार प्रयत्न शिकागो विद्यापीठातल्या क्रिस्टोफर बेरी आणि अँथनी फाउलर यांनी केला. त्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या खेळांचे निकाल घेतले आणि कागदावर कोचच्या कारकिर्दी पत्त्यांसारख्या पिसल्या. जो कोच ज्या वर्षी नव्हताच त्या वर्षी तो होता असं धरायचं, आणि असं पुन्हा पुन्हा. खऱ्या नोंदींमध्ये निकाल कोचबरोबर जितके हलतात, ते या पिसलेल्या, खोट्या नोंदींपेक्षा जास्त हलतात का, एवढंच पाहायचं. उत्तर आलं, हो. संघाच्या यशातल्या चढउतारापैकी साधारण २० ते ३० टक्के वाटा कोचचा निघतो. आकडा अमेरिकी खेळांचा आहे, तो जसाच्या तसा आयपीएलला चिकटवू नये. पण रुपयात चार-पाच आणे हा अंदाज मला पटतो. बाकीचे अकरा-बारा आणे खेळाडू, पैसा, दुखापती आणि नशीब.

आता या चार-पाच आण्यांत येतं काय? इथे मला आपला ऋतुराज गायकवाड आठवतो.

डिसेंबर २०१८च्या लिलावात चेन्नईने त्याला वीस लाखांत घेतलं आणि २०१९चा पूर्ण हंगाम बाकावर बसवलं. २०२०मध्ये दुबईत पोचल्यावर त्याला कोविड झाला. बरा होऊन खेळला तर पहिल्या तीन डावांत ०, ५, ०. मधल्या काळात संघाबाहेर. त्याच सुमारास तरुणांमध्ये ‘स्पार्क’ दिसला नाही असं धोनी बोलून गेला आणि गदारोळ झाला. मग चेन्नईची बाद फेरीची आशा मावळली, आणि गमावण्यासारखं काही उरलं नसताना त्याला शेवटचे तीन सामने मिळाले. तिन्हींत अर्धशतक. ही सबुरी स्वस्तातली होती, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

खरी परीक्षा २०२१ची. हंगाम नवा, गुण मोलाचे. ऋतुराजच्या धावा ५, ५, १०. रॉबिन उथप्पासारखा अनुभवी सलामीवीर बाहेर तयार बसलेला, संघाने त्याला राजस्थानकडून मुद्दाम घेतलेलं. वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर एकच प्रश्न, आता तरी बदलणार का? २१ एप्रिलला वानखेडेवर कोलकात्याविरुद्ध संघ जाहीर झाला तेव्हा सलामीला पुन्हा ऋतुराजच होता. त्याने ४२ चेंडूंत ६४ केल्या, ड्यू प्लेसीबरोबर ११५ची सलामी दिली, आणि तो हंगाम त्याने ६३५ धावांवर, ऑरेंज कॅप घालूनच संपवला.

चौथा सामना त्याला द्यायचा हा निर्णय धोनीचा की फ्लेमिंगचा? बाहेरून सांगता येत नाही, आणि जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण ज्या संघात कोच दर दोन वर्षांनी बदलतो, तिथे हा निर्णय होणं कठीण. ज्याला स्वतःच्या पुढच्या हंगामाची खात्री नाही, तो दुसऱ्याला चौथी संधी कुठून देणार? फ्लेमिंग २००९पासून चेन्नईकडे कोच म्हणून आहेत, बंदीची दोन वर्षं सोडली तर सलग.

सबुरी ही पहिली गोष्ट. दुसरी, प्रत्येकाला काम नेमून देण्याची. २०२३मध्ये पन्नास लाखांच्या मूळ किमतीत घेतलेला अजिंक्य रहाणे वानखेडेवर मुंबईविरुद्ध २७ चेंडूंत ६१ करतो, तेव्हा आपण डोळे चोळतो. हा तोच अजिंक्य? डाव सांभाळायचं ओझं उतरवून ‘तू मार’ एवढंच सांगितलेला अजिंक्य. शिवम दुबेचंही तसंच. मधल्या षटकांत फिरकी फोडायची, बाकी काळजी करायची नाही. सामन्यात मध्येच एक खेळाडू बदलू देणारा इम्पॅक्ट प्लेअरचा नियम त्याच वर्षी आला आणि दुबेला क्षेत्ररक्षणातूनही मोकळीक मिळाली. नियम सगळ्यांना सारखाच होता, तो कुणासाठी वापरायचा ही नजर चेन्नईची.

मग २०२५मध्ये हीच नजर कुठे गेली? जेद्दाच्या लिलावात याच टेबलाने अश्विनला पावणेदहा कोटी मोजले, राहुल त्रिपाठीला तीन कोटी चाळीस लाख. दोघांचाही हंगाम फसला. दहा कोटींच्या नूर अहमदने चोवीस बळी घेतले, पण फलंदाजी पॉवरप्लेतच मान टाकायची. ऋतुराज कोपराच्या दुखापतीने बाहेर गेला, आणि बदली म्हणून विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे आल्यावर कुठे फलंदाजीत जीव आला. चेपॉकची खेळपट्टी आपल्यालाच वाचता येत नाही, अशी कबुली फ्लेमिंगनी जाहीरपणे दिली. प्रामाणिक कबुली, पण ती वाचण्याचेच पैसे मिळतात ना!

मग कोच बदलला असता तर? चेन्नईच्याच फुटबॉल संघाचा दाखला थोडक्यात. चेन्नईयिनने जॉन ग्रेगरींच्या हाताखाली २०१७-१८ची इंडियन सुपर लीग जिंकली आणि पुढच्याच हंगामात, ग्रेगरीच कोच असताना, तळ गाठला. त्यानंतरच्या मोसमात सहा सामन्यांत एकच विजय मिळाल्यावर ते गेले. डिसेंबर २०१९मध्ये ओवेन कॉइल आले आणि तोच संघ अंतिम सामन्यापर्यंत, गोव्यात फातोर्ड्याला पोचला. जादू? थोडी असेलही. पण बास टेर वेल या अर्थतज्ज्ञाने १९८६ ते २००४ या काळातल्या डच फुटबॉलचे निकाल तपासले. कोच हाकलल्यावर संघ सुधारतात खरे, पण तशाच घसरगुंडीत सापडूनही कोच न बदललेले संघही तितकेच सुधारतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि कावळ्याला पुढच्या वर्षीचा करार मिळतो.

पंडितांची गोष्ट याहून वेगळी. मुंबईला तीनदा, विदर्भाला लागोपाठ दोनदा, मध्य प्रदेशाला एकदा रणजी करंडक. विदर्भ आणि मध्य प्रदेशाने तर त्याआधी तो कधी जिंकलाच नव्हता. रणजीत मुलं महिनोन् महिने हाताखाली असतात, शिस्त अंगात मुरवता येते. दोन महिन्यांच्या आयपीएलमध्ये तीच शिस्त कोलकात्याच्या एका परदेशी खेळाडूला जाचली आणि त्याने ते उघडपणे बोलूनही दाखवलं. चार-पाच आण्यांचा वाटा रणजीत आठ आण्यांवर जात असावा, असा माझा कयास आहे. पंडित आणि विदर्भाचा तो सगळा हिशेब पुढच्या लेखांकात.

उथप्पाचं मात्र सांगायचं राहिलं. २०२१चा जवळजवळ सगळा हंगाम तो बसून होता. ऑक्टोबरात रैना जायबंदी झाला. दुबईत दिल्लीविरुद्ध पहिल्या क्वालिफायरमध्ये १७३ धावांचा पाठलाग होता, आणि ड्यू प्लेसी पहिल्याच षटकात बाद झाल्यावर उथप्पाला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. त्याने ६३ केल्या. समोरच्या टोकाला ७० करणारा ऋतुराज होता. दोघांनी मिळून ११० जोडल्या.