दोघांची बोट, दोघेही तांडेल



‘कॅटामरान’ हा शब्द ऐकायला इंग्रजी वाटतो, पण तो मूळचा तमिळ. कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं, तिकडच्या मच्छीमारांचा ओंडक्यांचा तराफा. आज जगभर हा शब्द दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी जोडून वर घर बांधल्यासारख्या बोटीसाठी वापरतात. आपल्या उलांडीच्या होडीला तिचं तत्त्व नवं नाही. रुंदी वाढवली की होडी सहज कलंडत नाही.

अशी शिडाची बोट चालवायला शिकायचं म्हणून अनेक नवरा-बायको कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर जातात. आठवडाभर बोटीवरच राहायचं, तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं. शिकवणारा कप्तानही सोबतच. अमेरिकन सेलिंग असोसिएशनचे १०१, १०३, १०४ आणि कॅटामरानसाठी ११४ असे टप्पे आहेत. प्रत्येकाची लेखी परीक्षा असते. जागा शिकायला सोयीची. पूर्वेचा वारा बहुतेक दिवस एकसारखा, भरती-ओहोटी अगदी थोडी, आणि दोन्ही बाजूंना बेटं असल्यामुळे सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेलमध्ये लाटा कमी. पण तिथला दर्याही नेहमी गरीब नसतो. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळाने याच बेटांवर बोटींचे ढीग लावले होते.

या बोटीची एक खोड शिकणाऱ्याला आधी समजून घ्यावी लागते. एका अंगाच्या शिडाच्या बोटीला पठाणाखाली जड वजन असतं. वारा वाढला की ती झुकते, शिडातला वारा थोडा सांडतो आणि आतल्या माणसाला इशारा मिळतो. कॅटामरान फारशी झुकतच नाही. टेबलावरचा चहा सांडत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, आणि जोर मात्र डोलकाठीवर व दोरांवर वाढत असतो. मोठी कॅटामरान उलटलीच तर आपोआप सरळ होत नाही. म्हणून वाऱ्याचा आकडा पाहून, बोटीच्या पुस्तकात लिहिलंय त्याप्रमाणे, वेळेआधीच शीड लहान करायचं.

नांगर टाकायचा हिशेब तर आपल्याही कामाचा. पाणी ५ मीटर, नाळ पाण्यावर दीड मीटर, म्हणजे साडेसहा. त्याच्या पाचपट, साडेबत्तीस मीटर साखळी सोडायची. वारा वाढणार असेल तर सातपट किंवा जास्त. भरती चढणार असेल तर तेवढं पाणी आधीच धरायचं. मग दोन्ही नाळांना दोर बांधून तो साखळीला अडकवायचा, म्हणजे बोट इकडून तिकडे फिरत नाही. शेवटी इंजिन हळू मागे घेऊन नांगर धरला की नाही ते बघायचं.

खरी भांडणं इथेच होतात! एक जण नाळेवर, दुसरा सुकाणूवर, मधे वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज. ओरडून काही कळत नाही, नुसता राग कळतो. म्हणून हाताच्या खुणा आधी ठरवतात. काही जण कानाला लावायचे वायरलेस हेडफोन वापरतात. इंग्रजी बोलणाऱ्या शिडवाल्यांनी त्यांना गमतीने ‘लग्न वाचवणारं यंत्र’ असं नावच दिलंय.

पण या शिक्षणाचा गाभा वेगळाच आहे. नवरा सुकाणूवर आणि बायको दोरावर, ही वाटणी कप्तान चालू देत नाही. आज एकाने केलं ते उद्या दुसऱ्याने करायचं. कारण बोटीवर दोघंच असतील आणि चालवणाराच पाण्यात पडला तर?

हिशेब करून बघा. बोट ६ नॉटने चालली असेल तर एका मिनिटात सुमारे १८५ मीटर पुढे जाते. लाटांत माणसाचं डोकं दिसतं नारळाएवढं. मागे राहिलेल्या एकट्यानेच तरंगतं काहीतरी फेकायचं, नजर न हलवता माणूस धरून ठेवायचा, जीपीएसवर जागा नोंदवायची, बोट वळवायची आणि जवळ आल्यावर पंखा थांबवायचा. हे पुस्तकातून येत नाही. म्हणून पाण्यात फुगा फेकून तोच सराव दोघांकडून पुन्हा पुन्हा करून घेतात.

दोघांत बोट कशी चालते याचं मोठं उदाहरण आपल्या गोव्यातलंच आहे. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून ‘तारिणी’वर निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ मध्ये परतल्या. ‘तारिणी’ एका अंगाची बोट, तीही गोव्यातच बांधलेली. एक झोपली की दुसरीवर सगळी बोट.

आपल्याकडेही लहान होडीवर कित्येकदा दोघंच असतात. एक तांडेल, दुसरा हाताखालचा. हाताखालच्याला इंजिन चालू-बंद करता येतं का? होडी वळवून मागे आणता येते का? व्हीएचएफ असेल तर चॅनेल १६ वर मदत मागता येते का?

पुढच्या वेळी दर्या शांत असताना एक रिकामा डबा पाण्यात टाका. तांडेलाने हात बांधून गप्प बसायचं, आणि दुसऱ्याने डबा उचलून आणायचा. किती मिनिटं लागली ते मोजा, आणि खाली कमेंटमध्ये सांगा.